स्टार्च जातो, बाकी तिप्पट होते

अमेरिकेत मका बुशेलने मोजतात. एक बुशेल मका म्हणजे ५६ पौंड, आपल्या हिशेबाने पंचवीस किलोहून किंचित जास्त. नेब्रास्का किंवा आयोवातल्या इथेनॉल कारखान्यात एवढा मका गेला की त्यातून साधारण ११ लिटर इथेनॉल मिळते, सात-साडेसात किलो कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि जवळपास तेवढाच कोरडा चोथा उरतो. ढोबळमानाने दाण्याचे तीन वाटे होतात. एक मोटारीच्या टाकीत जातो, दुसरा हवेत आणि तिसरा गुरांच्या गव्हाणीत.

या लेखाचा विषय तो तिसरा वाटा. मांसासाठी पाळलेल्या जनावरांना शेवटचे पाच-सहा महिने भरपूर खुराक घालून तयार करतात, त्याला तिथे फिनिशिंग म्हणतात. नेब्रास्कात माणसांपेक्षा गुरांची संख्या मोठी आहे आणि फिनिशिंगच्या खुराकात इथेनॉलचा चोथा आता पक्का ठरून गेलेला आहे. तो जनावराला का मानवतो, किती घालावा आणि कुठे हात आखडावा, हे सगळे एका साध्या गणितातून उलगडत जाते.

कारखान्यात काय होते

मका आधी हॅमर मिलमध्ये दळतात. त्या भरड्यात गरम पाणी आणि एन्झाइम मिसळले की स्टार्च सैल होतो आणि त्याची साखर बनत जाते. मग यीस्ट घालून दोन-अडीच दिवस आंबवतात. यीस्ट साखर खाते. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्यात अल्कोहोल वर निघून जाते आणि तळाशी राहतो पातळ, पिवळसर, गरम लगदा. त्यात दाण्यातले स्टार्च सोडून सगळे असते. टरफलाचे तंतू, प्रथिने, तेल, क्षार, शिवाय मेलेले यीस्ट.

हा लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला की घट्ट भाग एकीकडे आणि पाणी दुसरीकडे होते. त्या पाण्यातही बरेच काही विरघळलेले असते, म्हणून ते आटवून तपकिरी दाट पाक करतात. बहुतेक कारखाने आता या पाकातून मक्याचे तेल काढून बायोडिझेलवाल्यांना विकतात. उरलेला पाक पुन्हा घट्ट भागावर ओतला की माल तयार होतो.

तो तीन रूपांत विकला जातो. ओल्या चोथ्यात कोरडा अंश फक्त तिसरा हिस्सा, बाकी पाणी. अर्धवट वाळवलेल्यात निम्मा. आणि गॅसच्या भट्टीवर पूर्ण वाळवलेल्यात सुमारे ९० टक्के. हा शेवटचा प्रकार 'डीडीजीएस' या नावाने जगभर जातो आणि त्याच नावाने आपल्या पशुखाद्याच्या बाजारातही आला आहे.

तिपटीचे गणित

मक्याच्या कोरड्या वजनात दोन-तृतीयांशाच्या आसपास स्टार्च असतो. यीस्ट तेवढाच नेते. दूध आटवताना पाणी उडून जाते आणि राहिलेले सगळे दाट होते, तसे इथे होते. फक्त पाण्याच्या जागी स्टार्च उडतो. तीन भागांतले दोन गेले, म्हणजे उरलेल्यातली प्रत्येक गोष्ट साधारण तिप्पट झाली.

मक्यात प्रथिने नऊ-दहा टक्के असतात, चोथ्यात तीसच्या आसपास. तंतुमय भाग दहा-बारा टक्क्यांवरून तीस-पस्तीसवर जातो. फॉस्फरस ०.३ टक्क्यांवरून ०.८-०.९ वर. दाण्यात बुरशीचे विष असेल तर तेही तिप्पट होते, कारण यीस्ट ते खात नाही आणि उष्णतेने ते फारसे नष्टही होत नाही.

या गणिताचा दुसराही एक उपयोग आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला आणि एखादा आकडा तिपटीत बसत नसेल, तर कारखान्याने काहीतरी काढले आहे किंवा काहीतरी घातले आहे, असे समजावे. मक्यात तेल चार टक्के, म्हणून चोथ्यात बारा टक्के हवे. अहवालात सात-आठच दिसले तर तेल काढून विकलेले आहे. मक्यात गंधक साधारण ०.१२ टक्के, म्हणजे चोथ्यात ०.३६ च्या आसपास हवे. प्रत्यक्षात ते पुष्कळदा ०.७-०.८ टक्के भरते. वरचे गंधक आले कुठून? आंबवणीची आम्लता सांभाळायला आणि यंत्रे धुवायला कारखान्यात गंधकाम्ल वापरतात, त्याचा हा अंश. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

कोठीपोटात काय होते

फीडलॉटमध्ये, म्हणजे फिनिशिंगच्या वाड्यात, येणारे गोऱ्हे आणि कालवडी साधारण साडेतीनशे किलोच्या असतात. पाच-सहा महिन्यांत त्या साडेसहाशेच्या घरात न्यायच्या, म्हणजे रोज पावणेदोन-दोन किलो वजन चढायला हवे. गवत-कडब्यावर हे होत नाही. म्हणून खुराकात ऐंशी-नव्वद टक्के दाणा आणि जेमतेम सात-दहा टक्के चारा ठेवतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला हे मूळचे सोसणारे नव्हे.

कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोट्यवधी जिवाणू असतात. चाऱ्यातले तंतू ते सावकाश फोडतात, दाण्यातला स्टार्च मात्र झपाट्याने आंबवतात. आम्ले भराभर तयार होतात, चारा कमी म्हणून रवंथ कमी, रवंथ कमी म्हणून लाळ कमी, आणि आम्ल मारणारा सोडा तर लाळेतच असतो. पोटातला सामू ५.६ च्या खाली रेंगाळू लागला की आम्लविषाराची सुरुवात होते. जनावर एक दिवस अधाशासारखे खाते, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते, शेण पातळ आणि फेसाळ पडते. कोठीपोटाच्या अस्तराला जखमा होतात, त्यांतून जिवाणू रक्तात शिरतात आणि यकृतात गळवे धरतात. म्हणूनच जनावर फीडलॉटमध्ये आले की त्याला पूर्ण दाण्यावर एकदम आणत नाहीत. तीन-चार आठवडे चारा थोडाथोडा कमी करत नेतात.

चोथ्याचे मोठे काम इथे होते. मक्याचा काही भाग काढून त्या जागी चोथा घातला की पोटात जाणारा स्टार्चच घटतो. जनावराला ऊर्जा मिळते, पण ती तंतू, तेल आणि प्रथिनांतून. मक्याच्या टरफलाचे तंतू लाकडी नसतात. ते चांगले पचतात आणि सावकाश पचतात. त्यामुळे आम्लाची लाट तेवढी उसळत नाही. मात्र हे तंतू भुशासारखे बारीक असल्याने रवंथ करायला लावत नाहीत. 'चोथ्यात तंतू आहेत, मग चारा कशाला,' असा हिशेब करणारा फसतो. लांब काडीचा चारा थोडा का होईना, लागतोच.

मक्यापेक्षा सरस कसा

स्टार्च हा ऊर्जेचा साठा. तो काढून घेतल्यावर उरलेला माल मक्यापेक्षा हलका ठरावा, अशीच कुणाचीही समजूत होईल. नेब्रास्का विद्यापीठात टेरी क्लॉपफेन्स्टाइन, गेलन एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या चाचण्यांतून उलटेच दिसले. भरडलेल्या मक्याच्या जागी ओला चोथा घातला तर कोरड्या वजनाला कोरडे वजन धरून त्याचे खाद्यमूल्य मक्याच्या १३० ते १४० टक्के भरले. पूर्ण वाळवलेल्याचे सुमारे ११२ टक्के, आणि अर्धवट वाळवलेल्याचे या दोहोंच्या मधे.

याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. तेलात वजनाच्या मानाने स्टार्चच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. मक्याच्या प्रथिनांचा मोठा भाग कोठीपोटात फुटत नाही, पुढे आतड्यात जाऊन पचतो आणि थेट जनावराच्या कामी येतो. आम्लविषार टळल्यामुळे मक्याचाही उपयोग नीट होतो आणि रोजचे खाणे एकसारखे राहते. ओला चोथा खुराकाला चिकटतो, धूळ बसवतो, त्यामुळे जनावराला आवडते तेवढे वेचून बाकीचे बाजूला सारता येत नाही. वाळवताना यातले काही हरवते. भट्टीची आच जास्त झाली तर प्रथिने करपतात. सोनेरी पिवळा माल कॉफीच्या रंगावर गेला की ते डोळ्यांना कळते आणि नाकालाही.

हा फायदा सगळीकडे सारखा नाही. टेक्सास आणि कॅन्ससच्या फीडलॉटमध्ये मका वाफवून, दाबून त्याचे पोहे करतात. अशा मक्याचा स्टार्च आधीच उत्तम पचतो, त्यामुळे त्याच्या जागी चोथा घालून तेवढे हाती लागत नाही. तिथे चोथा प्रथिनांपुरता, पंधरा-वीस टक्के घालतात. नेब्रास्कात मका भरडून किंवा ओला साठवून घालतात, तिथे तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जातात. एक ढोबळ सीमा लक्षात ठेवण्यासारखी आहे. पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत चोथा पेंडीची जागा घेतो, त्यापुढे तो मक्याची जागा घेऊ लागतो.

गव्हाणीतला हिशेब

कागदावरचे तीस टक्के गव्हाणीत किती दिसतात ते पाहू. एक गोऱ्हा दिवसाला ११ किलो कोरडा अंश खातो असे धरा. खुराक असा: मका ५५ टक्के, ओला चोथा ३०, मक्याची धाटे १०, क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण ५.

चोथ्याचा कोरडा अंश झाला ३.३ किलो. पण ओल्या चोथ्यात कोरडा भाग ३४ टक्केच, म्हणजे टाकायचा माल जवळपास पावणेदहा किलो. मक्याचा कोरडा अंश ६ किलो, प्रत्यक्ष वजन ७ किलो. धाटे सव्वा किलो, मिश्रण सहाशे ग्रॅम. एकूण साडेअठरा किलो. म्हणजे कागदावर तीस टक्के असलेला चोथा गाडीतल्या वजनात निम्म्याहून जास्त भरतो. आज आलेल्या ट्रकमध्ये ३४ ऐवजी ३० टक्केच कोरडा अंश असेल आणि कुणी तपासले नसेल, तर जनावराला ठरल्यापेक्षा जवळपास चारशे ग्रॅम कोरडा चोथा कमी पडेल. म्हणून चांगल्या फीडलॉटमध्ये येणाऱ्या मालाचा नमुना वारंवार तापवून, वजन करून बघतात.

पहाटे गव्हाणीची पाहणी होते. खुराक ठरवणारा माणूस गाडीतून गव्हाणींच्या कडेने जातो आणि प्रत्येक वाड्याचा आकडा टिपून ठेवतो. गव्हाण चाटूनपुसून साफ आहे, थोडे कण उरलेत, की थर शिल्लक आहे? त्यावरून त्या दिवशीचा खुराक पाव-अर्धा किलोने वाढतो, घटतो किंवा तसाच राहतो. चोथा ओला असल्याने उन्हाळ्यात उरलेला थर दुपारपर्यंत आंबूस वासाचा होतो. तो खरवडून काढल्याशिवाय नवा खुराक टाकत नाहीत.

आता याच खुराकातली प्रथिने बघा. चोथ्यातून ९ टक्के, मक्यातून ५, धाटांतून अर्धा, एकूण साडेचौदा. गरज साडेबारा-तेराच्या आसपास. म्हणजे युरियाही नको आणि सोयाबीनची पेंडही नको. जास्तीचे प्रथिन जनावराचे शरीर ऊर्जेसाठी जाळते आणि त्यातला नायट्रोजन लघवीतून टाकते. फीडलॉटमधला अमोनियाचा वास त्याने वाढतो.

कुठे थांबायचे

पहिला लगाम गंधकाचा. कोठीपोटातले जिवाणू गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवतात. हा वायू ढेकरेतून बाहेर येतो आणि जनावर श्वासाबरोबर तोच पुन्हा आत घेते. फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून मेंदूपर्यंत त्याचा परिणाम पोहोचतो. पूर्ण खुराकावर आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत एखादे जनावर कळपातून बाजूला उभे राहते, कुंपणाला डोके दाबून धरते, समोरचे दिसत नसल्यासारखे अडखळते, मग कोसळते. वेळेत ओळखले तर थायमिनचे इंजेक्शन उपयोगी पडते. उशीर झाला तर नाही. दाणाभर खुराकात एकूण गंधक ०.३ टक्क्यांपर्यंत आणि चारा भरपूर असेल तेव्हा ०.५ टक्क्यांपर्यंत सोसते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ठरवले आहे. वरच्या खुराकात ०.८ टक्के गंधकाचा चोथा तीस टक्के घातला की चोथ्यातूनच ०.२४ येते आणि मका-धाटे धरून बेरीज ०.३ च्या किंचित वर जाते. चोथा पन्नास टक्क्यांवर नेला तर ०.४५. आणि विहिरीच्या पाण्यात सल्फेट असेल तर ते वेगळे मोजावे लागते. म्हणून पाण्याचा अहवाल पाहिल्याशिवाय चोथ्याचे प्रमाण वाढवू नये.

दुसरा फॉस्फरस. जनावराला लागतो त्याच्या दुपटीने तो खुराकात येतो, कॅल्शियम मात्र मका आणि चोथा दोन्हींत नगण्य. हा तोल बिघडला की खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांना मूतखडा होतो आणि लघवी तुंबते. उपाय स्वस्त आहे: चुनखडीची भुकटी. क्षारांच्या मिश्रणात तिचा वाटा त्यामुळेच मोठा असतो. जास्तीचा फॉस्फरस शेणातून जातो. ते खत पसरायला जास्त जमीन लागते, नाहीतर तो ओढ्या-नाल्यांत उतरतो.

तिसरे तेल. एकूण खुराकात स्निग्धांश सात-आठ टक्क्यांच्या पुढे गेला की कोठीपोटातले तंतू फोडणारे जिवाणू मंदावतात आणि जनावर खाणे कमी करते. कारखान्यांनी तेल काढायला लागल्यापासून हा धोका बराच कमी झाला, त्याबरोबर थोडी ऊर्जाही गेली.

आणि चौथे, दाण्यात जे होते ते. नेब्रास्कातल्या मीड गावाजवळच्या एका कारखान्याने बाजारातल्या मक्याऐवजी बियाणे कंपन्यांचा शिल्लक मका वापरला. त्या बियाण्यावर कीटकनाशकांचा लेप होता. इथेनॉल निघाले, पण विषारी चोथा गुरांना घालता येईना. त्याचे ढीग साचले, आसपासच्या लोकांच्या तक्रारी वाढल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने कारखाना बंद करायला लावला. कीटकनाशकालाही तिपटीचाच नियम लागू होता.

पाणी वाहून नेण्याचा प्रश्न

ओला चोथा सरस, तर मग सगळेच ओला का घालत नाहीत? ट्रकमधल्या तीन टनांतले दोन टन पाणी असते. शंभर किलोमीटरच्या आसपास भाडे फायदा खाऊन टाकते. शिवाय तो उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत बुरशीला लागतो. कारखाना, मक्याचे शेत आणि गुरांचा वाडा जवळजवळ असतील तरच हे जमते. नेब्रास्कात ते आहे, म्हणून तिथले लोक मका, इथेनॉल आणि गुरे यांच्या जुळणीला 'सोनेरी त्रिकोण' म्हणतात.

हा त्रिकोण जुळायला फार वर्षे लागली नाहीत. अमेरिकेने २००५ आणि २००७ साली पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळण्याचे कायदे केले. २००५ मध्ये तिथे ३.९ अब्ज गॅलन इथेनॉल बनत होते, २०१० मध्ये १३ अब्जांवर गेले. मका महागला. आपला दाणा गाड्या खाणार, ही गुरेवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. पण तिसरा वाटा परत मिळत होता, आणि कारखान्याच्या दारात राहणाऱ्याला तो सर्वांत चांगल्या रूपात मिळत होता.

आपल्या गोठ्यापर्यंत

महाराष्ट्राला इथेनॉल नवे नाही, पण ते मुख्यतः मळीचे. मळीतून अल्कोहोल काढल्यावर उरतो तो स्पेंटवॉश, आणि तो गुरांचे खाद्य नव्हे. धान्यापासूनचे इथेनॉल वाढले तसा चोथाही आला. केंद्राने २०२३ मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबवले, वर्षअखेरीस उसाच्या रसावर मर्यादा घातल्या आणि मका पुढे आला. स्वस्त डीडीजीएस कोंबडी आणि पशुखाद्यात शिरला. सोयापेंडीची मागणी घटली, आणि सोयाबीन हमीभावाच्या खाली विकावे लागलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याच्या अडचणींत या चोथ्याचाही हात होता.

राज्यात गोवंशहत्याबंदी असल्याने फिनिशिंगचा हिशेब इथे लागू नाही. आपली गाय-म्हैस दुधाची आणि तिचे खाणे कडबा, हत्तीगवत, मुरघास यांचे. तिला स्टार्चपासून सुटका नको असते, प्रथिने हवी असतात. म्हणून इथे डीडीजीएसची तुलना मक्याशी न करता सरकी आणि सोयापेंडीशी करावी, तीही पोत्याच्या भावाने नव्हे, एक किलो प्रथिने कितीला पडतात यावर. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिने ४५ टक्क्यांच्या आसपास, मक्याच्यात तीसच्या. दोन्हींचा भाव एकच सांगणाऱ्याला पोत्यात काय आहे ते विचारावे.

आणि बुरशीचे विष मोजून घ्यावे. मांसाच्या जनावरांच्या शेवटच्या खुराकासाठी अमेरिकेत मक्यातले अफ्लाटॉक्सिन अब्जात ३०० भागांपर्यंत चालवून घेतात, दुभत्यांसाठी फक्त २० पर्यंत, कारण ते दुधात उतरते. भारतात दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ ची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. पावसात भिजलेला, काळपट मका बाजारात पडेल भावाने जातो आणि असा मका इथेनॉलवाल्याला चालतो. त्यामुळे मक्याची आवक ओली असलेल्या वर्षी पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा नंतर बघावा. अफ्लाटॉक्सिनचा अहवाल आधी मागावा, आणि तो मिळत नसेल तर ते पोते दुभत्या जनावरासाठी घेऊ नये.